मुंबई पाहायची, तर सुपे ध्यानात ठेवून

बारामती-इंदापूरकडचा माणूस मुंबईला जातो तो कामासाठी. मंत्रालयात फाइल अडकलेली असते, हायकोर्टात तारीख असते, टाटा किंवा केईएममध्ये घरातल्या कुणाला दाखवायचं असतं, परदेशी निघालेल्या लेकीला विमानतळावर सोडायचं असतं, नाहीतर वाशीच्या मार्केटला डाळिंबाची गाडी लावायची असते. काम झालं की पहिली मिळेल ती गाडी धरायची आणि घर गाठायचं. अशा पंचवीस खेपा झालेल्या माणसाला विचारा, मुंबई पाहिली का? तो म्हणतो, "जातोय की नेहमी." जातो हे खरं, पण पाहिलेली नसते.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. पुढच्या खेपेला कामाच्या मागेपुढे एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. शक्य असेल तर घरच्यांना सोबत घ्या, विशेषतः शाळा-कॉलेजातल्या मुलांना. त्या दिवशी सगळी मुंबई पाहायचा हट्ट नको. बोरीबंदरपासून गेट वे ऑफ इंडियापर्यंतची जेमतेम अडीच किलोमीटरची वाट पायी चाला. इंग्रजांनी उभी केलेली मुंबई या वाटेवर जितकी दिसते तितकी दुसरीकडे कुठे दिसत नाही. आणि या मुंबईचं आपल्या दोन तालुक्यांशी जे नातं आहे, तेही इथेच पायाखाली सापडतं.

आधी थोडं घरचं

निघण्याआधी दोन गोष्टी मुलांना सांगून ठेवा. पहिली इंदापूरची. १८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी शेतजमिनीची नवी मोजणी आणि प्रतवारी सुरू केली, ती इंदापूर तालुक्यात. शेताचा क्रमांक, त्याचं क्षेत्र, जमिनीचा कस आणि त्यावरून तीस वर्षांसाठी ठरवलेला सारा, ही पद्धत इथे बसवली गेली आणि मग मुंबई इलाख्यात पसरली. आज आपण ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो त्याची वाट इंदापूरच्या रानातून गेली आहे. पुढे १८५८ मध्ये पुण्याहून निघालेली आगगाडी भिगवणजवळच्या डिकसळपर्यंत आली आणि १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाल्यावर आपला मुलूख रुळांनी थेट मुंबई बंदराला जोडला गेला.

दुसरी गोष्ट सुप्याची. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिथून मिळणारा कापूस थांबला. मग सगळी मागणी हिंदुस्थानच्या कापसावर आली, भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. तो पैसा सावकारांमार्फत दख्खनच्या खेड्यांत कर्ज म्हणून आला. मागेल त्याला उधारी मिळू लागली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडला, आणि तीस वर्षांची मुदत संपून जमिनीचा सारा मात्र वाढवून आला. व्याज चढत गेलं, जमिनी सावकाराच्या नावावर जाऊ लागल्या. शेवटी १२ मे १८७५ रोजी आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याच्या बाजारात आसपासच्या गावांचे शेतकरी जमले. त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि त्यांची होळी केली. इतिहासात ज्याला दख्खनचे दंगे म्हणतात, त्याची ठिणगी इथे पडली. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला.

एवढं मनात ठेवून मुंबईत उतरलात तर दगडी इमारती नुसत्या सुंदर वाटणार नाहीत, बोलू लागतील.

कधी जावं, कसं जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने पायी फिरायला सर्वांत चांगले. मार्चपासून घामाने जीव हैराण होतो. आपल्याकडचं ऊन कोरडं असतं. मुंबईचं दमट ऊन माणसाला लवकर थकवतं. जून ते सप्टेंबर पाऊस मुसळधार. समुद्राला मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला की रस्ते तुंबतात आणि लोकल रखडते. पावसाळ्यातच जायचं असेल तर परतीचं तिकीट घट्ट वेळेचं काढू नका.

वार निवडतानाही विचार करा. रविवारी फोर्ट भागातली कार्यालयं बंद असतात, रस्ते मोकळे असतात, त्यामुळे इमारती निवांत पाहता येतात. मात्र त्या दिवशी गेट वे आणि मरीन ड्राइव्हवर गर्दी फार. शनिवारी फोर्ट आणि संध्याकाळी समुद्र, असा मेळ बरा बसतो.

बारामतीहून मुंबई साधारण अडीचशे किलोमीटर. इंदापूरहून त्याहून थोडी लांब. एसटीने जाणं सर्वांत सरळ. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. त्यासाठी आधार कार्ड जवळ हवं. रेल्वेने जायचं तर बारामतीकरांनी दौंड गाठावं. सोलापूरकडून मुंबईला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथे मिळतात. इंदापूरकरांना भिगवण, दौंड किंवा कुर्डुवाडी यांपैकी जे सोयीचं ते. पुण्यात नातेवाईक असतील तर आदल्या रात्री तिथे मुक्काम करून सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडावी. १९३० पासून धावणारी ही गाडी स्वतःच पाहण्यासारखी आहे, आणि बोरघाट दिवसाउजेडी बघायला मिळतो. तो घाट फोडताना हजारो मजूर राबले, कित्येक अपघातांत आणि साथीच्या रोगांत गेले. बोगद्यातून गाडी जाताना मुलांना हेही सांगा. गाड्यांच्या वेळा बदलतात, तेव्हा निघण्याआधी एकदा खात्री करून घ्यावी.

स्वतःची गाडी घेऊन दक्षिण मुंबईत शिरू नका, हा माझा आग्रहाचा सल्ला. पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो. गाडी नेलीच तर नवी मुंबईत पाहुण्यांकडे लावा आणि पुढे लोकलने जा.

उतरल्यावर

लोकलचे तीन मार्ग ध्यानात ठेवा. पश्चिम मार्ग चर्चगेटला संपतो. मध्य आणि हार्बर हे दोन्ही मार्ग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या सीएसएमटीला. सकाळी आठ ते अकरा शहराच्या दक्षिण टोकाकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर त्या वेळा टाळाच. महिलांचे डबे वेगळे असतात. फलाटावर डब्याच्या जागेच्या खुणा असतात, त्या पाहून उभं राहावं. गर्दीत मोबाइल वरच्या खिशात ठेवू नये आणि दारात लटकू नये.

गर्दीचा धसका असेल तर भुयारी मेट्रो चांगली. आरे ते कफ परेड हा मार्ग २०२५ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण सुरू झाला आहे. दादरला उतरलेल्या माणसाला त्यातून सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन अशा नेमक्या आपल्याला हव्या त्या ठिकाणी उतरता येतं. सरकते जिने आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांचीही सोय होते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्यांना माहीत नसते. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेकडे येत नाही. जुन्या मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस. टॅक्सीत बसण्याआधी मीटरने येणार का, एवढं विचारावं.

सामान खांद्यावर घेऊन फिरू नका. मोठ्या स्थानकांवर अमानती सामानगृह असतं. बॅगेला कुलूप लागतं आणि तिकीट दाखवावं लागतं. जवळ ठेवायचं ते एवढंच: पाण्याची बाटली, टोपी, ओळखपत्र, थोडी सुटी रोकड, आणि पायात चालायच्या चपला किंवा बूट. नवीन चपला घालून मुंबई पाहायला कुणी जाऊ नये.

वाटेचा पहिला टप्पा: बोरीबंदर

सकाळी नऊच्या आत सीएसएमटीबाहेर महापालिकेच्या बाजूला उभे राहा आणि दहा मिनिटं नुसतं वर पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी याच बोरीबंदरातून ठाण्याला गेली. आजची इमारत त्यानंतरची: फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखली, १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने १८८७ मध्ये तिला व्हिक्टोरिया टर्मिनस नाव दिलं गेलं. १९९६ मध्ये शिवछत्रपतींचं नाव आलं, आणि २००४ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली.

काय पाहायचं? फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आहे, दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. घुमटावर हात उंचावलेली स्त्री आहे, ती प्रगतीचं प्रतीक. दगडात मोर, माकडं, पानं, फुलं कोरलेली आहेत. या कोरीव कामात मुंबईच्या कलाशाळेतल्या, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या, विद्यार्थ्यांचा हात होता. दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीशी संबंधित माणसांचे मुखवटे आहेत. त्यांत पागोटं घातलेले जगन्नाथ शंकरशेट आहेत. मुंबईत रेल्वे यावी म्हणून धडपडणारा हा आपला माणूस. मुलांना ते शोधायला लावा. शोधण्यात गंमत असते आणि शोधलेलं विसरत नाही.

स्थानकात शिरल्यावर २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात इथे बळी गेलेल्यांची आठवण ठेवून क्षणभर थांबावं. त्यांत गावी निघालेले, सामान उशाला घेऊन बसलेले साधे प्रवासी होते.

समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ ची. वेळ असेल तर तिथून उत्तरेला दहा मिनिटं चालून महात्मा जोतिबा फुले मंडई पाहावी. जुन्या लोकांचं क्रॉफर्ड मार्केट. १८६९ ची ही मंडई आपल्या शेतकऱ्यांनी जरूर पाहावी. फळं-भाजीच्या व्यापारासाठी दीडशे वर्षांपूर्वी उजेड आणि हवा खेळेल असं उंच छप्पर कसं बांधलं, ते कळतं.

दुसरा टप्पा: कापसाची जागा

सीएसएमटीपासून दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेला चालू लागा. इमारतींच्या खालून कमानींची सावली असलेली पायवाट आहे, त्यामुळे उन्हातही चालता येतं. ज्यांचं नाव या रस्त्याला आहे त्या दादाभाईंनी हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते, याचा आकड्यांनिशी हिशेब मांडला. इंग्रजांनी बांधलेल्या देखण्या रस्त्याला त्यांचं नाव असणं योग्यच आहे.

हा भाग फोर्ट का, तर इथे खरोखरच तटबंदी होती. पोर्तुगीजांकडून १६६१ च्या विवाहकरारात हे बेट इंग्लंडच्या राजाला मिळालं आणि १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. कंपनीने तट बांधले. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात ते पाडले आणि मोकळ्या झालेल्या जागेत आज आपण पाहतो त्या इमारती उठल्या.

पंधरा-वीस मिनिटांत हुतात्मा चौक येतो. १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि त्याच्याजवळ हाती मशाल घेतलेला शेतकरी आणि कामगार, असं हुतात्मा स्मारक. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरांहून अधिक माणसांनी प्राण दिले तेव्हा १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. आपण मंत्रालयात काम घेऊन हक्काने जातो, तो हक्क या माणसांनी मिळवून दिला. इथे चप्पल बाजूला काढून नमस्कार करावा.

चौकातून डावीकडे वळलं की पाच मिनिटांवर हॉर्निमन सर्कल. मधल्या गोल बागेत बाकावर बसा आणि समोरच्या उंच पायऱ्यांच्या पांढऱ्या इमारतीकडे पाहा. तो टाउन हॉल, १८३३ चा. एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय तिथेच आहे. जिथे तुम्ही बसला आहात तिथे पूर्वी मोकळं मैदान होतं आणि तिथे कापसाच्या गाठींच्या राशी लागत. टाउन हॉलसमोरच्या वडांखाली दलाल जमून शेअर्सची खरेदी-विक्री करत. त्या दलालांनी आपली संघटना रीतसर स्थापन केली ९ जुलै १८७५ ला. तीच पुढे मुंबई शेअर बाजार झाली. तिचा उंच मनोरा इथून जवळच आहे.

आता तारखा जुळवून पाहा. मे महिन्यात सुप्याच्या बाजारात कर्जरोख्यांची होळी झाली आणि दोन महिन्यांच्या आत इथे दलालांची संघटना उभी राहिली. कापसाच्या तेजीने या शहराला दगडी महाल दिले आणि त्याच तेजीच्या ओसरण्याने आपल्या पणजोबांच्या जमिनी गहाण पडल्या. एका कासऱ्याची ही दोन टोकं. मुंबई पाहताना सुपे ध्यानात ठेवा असं मी म्हणतो ते यासाठी. कुणाचा राग करायला नव्हे. आजही बाजारभाव कुठेतरी लांब ठरतो आणि त्याचा धक्का आपल्या बांधापर्यंत येतो, हे पुढच्या पिढीला डोळ्यांनी दिसावं म्हणून.

तिसरा टप्पा: न्याय, विद्या आणि कला

हॉर्निमन सर्कलवरून परत येऊन ओव्हल मैदानाकडे जा. मैदानाच्या पूर्वेला ओळीने उच्च न्यायालय आणि विद्यापीठ उभी आहेत, पश्चिमेला १९३० च्या दशकात बांधलेली वळणदार सज्ज्यांची रहिवासी घरं. मधल्या मैदानाने दोन काळ समोरासमोर ठेवले आहेत. हे दोन्ही मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशात गेलं. मैदानाच्या मध्यभागी उभं राहून दोन्हीकडे पाहणं हा या दिवसातला सर्वांत सुंदर क्षण ठरेल.

राजाबाई टॉवर सुमारे २८० फूट उंच आहे. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या मोठ्या व्यापाऱ्याने तेजीच्या दिवसांत त्यासाठी देणगी दिली आणि मनोऱ्याला आईचं नाव ठेवलं. १८६५ च्या मंदीत तेही कर्जात बुडाले, पण मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. वर चढायला सर्वसामान्यांना परवानगी नसते, खालूनच पाहावा.

शेजारच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. २२ जुलै १९०८ च्या रात्री सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. त्या दालनाबाहेर लोकमान्यांच्या शब्दांचा फलक लावला आहे. न्यायालय चालू असताना आत जायला ओळखपत्र आणि सुरक्षा तपासणी लागते. फोटो काढू नयेत. तारखेला आलेल्या आपल्या माणसांनी निदान तो फलक वाचून यावा.

दुपारचं ऊन तापलं की काळा घोडा चौक ओलांडून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरा. सकाळी सव्वादहा ते संध्याकाळी सहा ते उघडं असतं. जॉर्ज विटेट यांनी आखलेल्या या इमारतीला कुर्ल्याचा निळसर काळा आणि मालाडचा पिवळसर दगड वापरला आहे. घुमट विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देतो, आणि आतल्या मधल्या भागात मराठी वाड्याची लाकडी घडण आहे. बारामतीचा बाबूजी नाईकांचा वाडा पाहिलेल्यांना ती लगेच ओळखू येईल. तो काळा दगड म्हणजे आपल्याच सह्याद्रीचा बेसाल्ट. आपल्याकडची विहीर, देवळाचा ओटा आणि मुंबईचं हे संग्रहालय एकाच लाव्ह्यातून निघालं आहे. इथे दोन तास द्या, सगळी दालनं पाहायच्या मागे लागू नका. शिल्पांचं दालन आणि लघुचित्रांचं दालन नीट पाहिलंत तरी पुष्कळ. स्वच्छतागृह आणि बसायला सावली इथे चांगली मिळते, हेही लक्षात ठेवा.

शेवटचा टप्पा: समुद्र

संग्रहालयापासून गेट वे दहा मिनिटांवर. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे उतरले, त्यांच्या स्वागतासाठी ही कमान ठरली. पण ती बांधून पुरी झाली १९२४ मध्ये. तेव्हापासून चोवीस वर्षंही झाली नव्हती, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांच्या सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीखालून बोटीत बसून निघून गेली. राजाच्या येण्यासाठी बांधलेली कमान त्यांच्या जाण्याची साक्षीदार झाली. आणि कमानीसमोर १९६१ पासून शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. ज्यांच्या घराण्याचा इंदापूर परगण्याशी संबंध होता, ज्यांचे आजोबा मालोजीराजे यांची गढी आपल्या इंदापुरात आहे, ते राजे. आपल्याकडच्या माणसाने इथे उभं राहिल्यावर ऊर भरून येणारच.

गेट वेला बॅगांची तपासणी होते, म्हणून जितकं कमी सामान तितकं बरं. फोटो काढणारे मागे लागतात. काढायचा असेल तर किती फोटो आणि किती पैसे, हे आधी ठरवा. नौदलाच्या गोदीच्या परिसरात फोटो काढू नका.

सूर्यास्ताच्या सुमारास टॅक्सीने मरीन ड्राइव्हला जा आणि कठड्यावर बसा. त्यानंतर साडेआठपर्यंत निवांत राहा. गर्दी ओसरली की चर्चगेटहून गाडी पकडणं सोपं जातं.

खाणं आणि मुक्काम

सकाळी एखाद्या इराणी हॉटेलात ब्रून-मस्का आणि चहा घ्या. धोबीतलावचं कयानी १९०४ पासूनचं आहे. इराणातून आलेल्या लोकांनी नाक्यानाक्यावर उघडलेली ही हॉटेलं एकेकाळी गिरणगावातल्या कामगारांचाही आधार होती. दुपारी सीएसएमटीसमोर वडापाव किंवा साधी थाळी. रात्री दादरला मराठी जेवण सहज मिळतं. रस्त्यावरचं सरबत, बर्फ आणि चिरलेली फळं मुलांना देऊ नका. पोट बिघडलं की सहल तिथेच संपते.

मुक्काम दादर परिसरात केलेला बरा. सगळीकडे जायला सोयीचं, आणि एसटी तसंच रेल्वेसाठीही जवळ. फोर्ट आणि कुलाब्यातली हॉटेलं महाग पडतात.

दुसरा दिवस मिळाला तर

एकच निवडा. लेणी पाहायची तर गेट वेवरून बोटीने घारापुरी. तासाभराचा प्रवास, आणि वर जायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. सोमवारी लेणी बंद असतात, आणि खवळलेल्या समुद्रात बोटी सुटत नाहीत. सकाळची बोट धरा आणि बोटीत जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय बसू नका, मुलांना तर मुळीच बसवू नका. इतिहास पाहायचा तर भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ चं, बुधवारी बंद. तिथून परळ-लालबागचं गिरणगाव जवळ. घाटावरची हजारो माणसं तिथल्या चाळींत राहून गिरण्यांत राबली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. ज्यांच्या घरातून कुणी तेव्हा मुंबईला गेलं असेल त्यांनी त्या माणसाची चाळ शोधून पाहावी. आणि दादरला चैत्यभूमीवर जाऊन बाबासाहेबांना वंदन करावं. स्वातंत्र्यलढ्याची ओढ असेल तर गावदेवीचं मणिभवन आणि जवळचं ऑगस्ट क्रांती मैदान.

शाळेच्या सहली घेऊन जाणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. एका दिवसात दहा ठिकाणं दाखवू नका. बोरीबंदर, हॉर्निमन सर्कल, संग्रहालय आणि गेट वे, एवढीच चार ठेवा. मुलांना आधी वर्गात सुप्याची आणि इंदापूरच्या मोजणीची गोष्ट सांगा, आणि प्रत्येकाला एक काम द्या: एखादा कोरलेला प्राणी शोध, एखाद्या इमारतीचं साल लिही, एखाद्या दगडाचा रंग टिप. प्रत्येक मुलाच्या खिशात शिक्षकांचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी, आणि हरवलो तर कुठे थांबायचं ते प्रत्येक ठिकाणी आधी ठरलेलं हवं.

परत आल्यावर एक काम राहतं. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन सुप्याला जा, बाजारपेठेतून हिंडा, आणि डिकसळजवळ भीमेवरचा इंग्रजी काळातला जुना पूल लांबून पाहून या. मुंबईत पाहिलेल्या प्रत्येक कमानीचं मोल काही प्रमाणात इथल्या माणसांनी चुकतं केलं आहे, हे त्यांना तिथे उभं राहून सांगा. मग पुढच्या वेळी मुंबईला गेल्यावर ती मुलं पाहुण्यासारखी बिचकणार नाहीत. या शहरात आपलाही वाटा आहे, हे ओळखून चालतील.